एक तुमची, एक आमची

आमच्या तालुक्यातली माणसं पुण्याला जातात ती एकतर मोठ्या दवाखान्यात, नाहीतर नोकरीला लागलेल्या मुलाकडे. मी गेल्या हिवाळ्यात गेले ती बारा मुली, एक सर आणि एक प्रथमोपचाराची पेटी घेऊन, खो-खोच्या स्पर्धेला. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "सिस्टर, कसं झालं पुणं?" सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढते. ज्यांना खो-खोत गोडी नाही त्यांनी निदान जेवणाचा भाग वाचावा.

मी ग्रामीण रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. खो-खोतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तरी माझी निवड झाली त्याचं कारण नांदवडे आणि बोरखडी. मध्ये एक ओढा आणि दोन्ही काठांवर एकेक हायस्कूल. तालुक्याची अंतिम फेरी दरवर्षी या दोन शाळांच्या मुलींतच होते आणि दरवर्षी कुणीतरी रडतं. या खेपेला नांदवड्याच्या कोमलने सूर मारून बोरखडीची कॅप्टन सानिया मुलाणी हिला बाद केलं. हात लागला असं कोमल म्हणाली, लागलाच नाही असं सानिया म्हणाली, आणि मग दोन्ही गावं मैदानात उतरली. सामना अर्धवट राहिला. पुण्याला तालुक्याचा एकच संघ घेणार होते, तेव्हा वरून निरोप आला की दोघींचा मिळून एक संघ पाठवा, नाहीतर कुणीच येऊ नका.

मग वाटण्या सुरू झाल्या. सहा मुली यांच्या, सहा त्यांच्या. सर नांदवड्याचे, तर कॅप्टन बोरखडीची. मुलींबरोबर एक बाई हवी, ती मात्र दोन्ही शाळांना एकमेकींची चालेना. शेवटी मी. दोन्ही गावांना आयुष्यभर इंजेक्शनं मीच टोचली आहेत, त्यामुळे दोन्ही गावं मला सारखीच घाबरतात.

एस.टी.त

गायकवाड सर सज्जन माणूस. पण भांडणाची त्यांनी इतकी धास्ती घेतली होती की प्रत्येक गोष्टीत "एक तुमची, एक आमची" हा एकच मंत्र. गाडीत बाकड्यावर एक नांदवड्याची, शेजारी एक बोरखडीची. दोघींच्या मध्ये पिशवी. खिडकीशी बसलेली बाहेर बघणार, दुसरी समोरच्या बाकड्याची पाठ बघणार. अख्ख्या वाटेत कुणी कुणाला शेंगदाणा विचारला नाही.

माझ्या शेजारी सानिया आली. उंच, काटक, भुवया कायम चढलेल्या. म्हटलं, आता जातेच आहे तर खेळ तरी समजून घेऊ.

"आठजणी रांगेत बसायच्या," ती म्हणाली. "एकीचं तोंड इकडं, शेजारणीचं तिकडं. नववी पळत्यांना पकडाय धावणार. मधली रेघ ओलांडायची न्हाई. पलीकडं जायचं तर खांबाला वळसा."

"आणि दमली की?"

"मग जिची पाठ आपल्याकडं हाय तिच्या पाठीवर हात मारायचा, मोठ्यानं खो म्हणायचं. ती उठून पळणार, आपण तिच्या जागी बसायचं."

"म्हणजे दमलेलीला बसायला जागा. बरं आहे की."

"बरं काय, सिस्टर! तिच्या जागी बसायचं म्हंजे तिचं तोंड जिकडं तिकडंच आपलं करायचं." एवढं बोलून तिने डोळे मिटले. कात्रजच्या बोगद्यातून गाडी बाहेर पडली आणि खाली दिवेलागणीचं पुणं पसरलेलं दिसलं, तेव्हा सगळ्या मुलींनी एकदम "अगं आयो!" केलं. संघ म्हणून त्यांनी केलेली ती पहिली गोष्ट.

बिबवेवाडी

आमचा मुक्काम बिबवेवाडीत एका शाळेच्या हॉलमध्ये होता. इमारतीला इमारत इतकी चिकटलेली की एका घरात फोडणी पडली की शिंक दुसऱ्या घरात. खाली इस्त्रीवाला, त्याला लागून मोबाइल दुरुस्ती, त्याच्या शेजारी पिठाची गिरणी. रस्त्याने स्कूटरवरून मुली जात होत्या, तोंडाला ओढण्या घट्ट गुंडाळलेल्या, नुसते डोळे दिसणाऱ्या. आमच्या पोरींना वाटलं काहीतरी साथ आली आहे. मी म्हटलं, धूळ आणि ऊन. पण खरं सांगते, मलाही क्षणभर सगळं पुणं ऑपरेशन थिएटरला निघाल्यासारखं वाटलं.

जेवण गल्लीच्या टोकाच्या खाणावळीत ठरलं होतं. चालवणाऱ्या नसीमआपा. चार पिढ्या पुण्यात काढलेलं घराणं, आणि मराठी असं की माझ्या शाळेतल्या बाईंची आठवण व्हावी. पहिल्या रात्री त्यांनी मटकीची उसळ, चपात्या आणि आमटी वाढली. आमटीत गूळ. आमच्या पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. इथे गाव विसरलं गेलं.

"का गं, जेवण आवडलं नाही का?" नसीमआपांनी विचारलं.

"आवडलं की," कोमल म्हणाली. "गोड आधी वाढायची पद्धत हाय का इथं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नसीमआपा मात्र पदर तोंडाला लावून हसल्या. "अहो सिस्टर, आपण रागावू नका तिच्यावर. इथल्या गिऱ्हाइकांना गूळ लागतो, नाहीतर मलाही तिखटच आवडतं." दुसऱ्या दिवसापासून आमच्या ताटात हिरव्या मिरचीचा ठेचा आला, लसूण घालून खलबत्त्यात कुटलेला. स्पर्धा संपेपर्यंत एकदाही चुकला नाही. परक्या गावात आपल्या जिभेची अशी काळजी घेणारं माणूस भेटणं याला नशीब लागतं.

पहिला सामना

आमच्या मुली मातीवर अनवाणी खेळणाऱ्या. इथे मॅट. पहिल्याच सकाळी सरावात चौघींचे गुडघे सोलवटून निघाले. नसीमआपांना कळलं तेव्हा त्या घरातले जुने मोजे घेऊन आल्या, कात्रीने पंजे कापले आणि उरलेल्या नळ्या पोरींच्या गुडघ्यांवर चढवल्या. मी पस्तीस वर्षं पट्ट्या बांधल्या, पण हे मला सुचलं नसतं.

सामना आम्ही जिंकलो, पण त्यात कौतुक करावं असं काही नव्हतं. समोरचा संघ आमच्याहून बिचारा होता एवढंच. रांगेत कुणी कुठे बसायचं ते कॅप्टन ठरवणार, असा करार होता. सानियाने आपल्या मुली एका बाजूला बसवल्या, नांदवड्याच्या दुसऱ्या बाजूला, आणि कोमल पार शेवटच्या चौकोनात. बोरखडीच्या मुली धावत तिच्यापर्यंत यायच्या, तिच्या पाठीमागून जायच्या आणि तसंच पुढे निघायच्या. मला खेळ कळत नसला तरी माणसं कळतात. वॉर्डात एखाद्या खाटेकडे कुणी बघत नसलं की कळतं ना, तसं. अगदी शेवटी नांदवड्याच्याच एका मुलीने तिला खो दिला. कोमल उठली, दोन पावलं पळाली आणि शिट्टी वाजली.

गुडघ्याला मलम लावताना तिने मला सांगितलं. मांडवात टोपी घातलेल्या ज्या बाई बसल्या होत्या, त्या निवड समितीच्या. या स्पर्धेतून काही मुली पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात घेणार होते. राहणं, जेवण, अकरावी-बारावी आणि खेळ. कोमलची दहावी. वडील नाहीत, आई रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरायला जाते. निवड झाली तर पाठवीन, नाहीतर उन्हाळ्यापासून माझ्याबरोबर मातीला चल, असं आईने सांगितलं होतं. आईचं तरी काय चुकलं?

"मी पळतीला गाठीन, सिस्टर. पण त्या बाईंनी मला बसलेलीच बघितली," ती म्हणाली. "उद्या हरलो तर घरीच की."

मी सानियाकडे गेले आणि सरळ विचारलं. तिनेही सरळ उत्तर दिलं. "ती खोटं बोलली, सिस्टर. मला हात लागलाच नव्हता. मी न्हाई तिला खो देणार, आन् माझ्या पोरीबी न्हाई देणार."

"अगं, तिचं आयुष्य आहे!"

"मग माझी इज्जत न्हाई व्हय?"

मला इतका राग आला की हातात सुई असती तर टोचली असती.

बुधवार पेठ

संध्याकाळी सरांनी सगळ्यांना दगडूशेठच्या दर्शनाला काढलं. देवाला सांगून काही फरक पडतो का ते बघू, असा त्यांचा हिशेब असावा. दर्शन सुरेख झालं. सानिया बाहेर चप्पल सांभाळत थांबली होती. मी निघताना बघते तर तीही दारातूनच, मान उंच करून, आतली आरास बघत होती. "केवढा उजेड हाय," एवढंच म्हणाली. मग पोरींना इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांपुढून ओढून काढता काढता माझे खांदे निखळले.

खरी परीक्षा पुढे होती. रस्ता ओलांडायचा. आमच्याकडे रस्ता ओलांडणं म्हणजे म्हशी गेल्या की जाणं. इथे दुचाकींचा लोंढा तुटतच नव्हता. मी बाई, पाय उचलून पुन्हा मागे ठेवला असा कितीदा तरी. सर म्हणाले, सिग्नल पडेल. पडला, पण तो कुणीच मनावर घेतला नाही.

तेव्हा कोमल पुढे झाली. कंबर वाकवून, डोळे बारीक करून ती रस्त्याकडे बघत राहिली. "सिस्टर, ह्या गाड्या पळत्यांसारख्याच हायत. कुठं वळणार ते आधी कळतं," ती म्हणाली. मग तिने सगळ्यांना काठावर उभं केलं, एकेकीच्या मागे गेली आणि फट दिसली की पाठीवर थाप. "खो!" आणि ती मुलगी सुटायची थेट पलीकडे. मग दुसरी. खो! मग मी. माझ्या पाठीवर थाप पडली आणि या वयात मी अशी पळाले की पलीकडच्या फुलवाल्याने टोपली बाजूला घेतली. लोक थांबून बघत होते. एक स्कूटरवाले गृहस्थ चक्क पाय टेकून थांबले आणि म्हणाले, "चालू द्या, चालू द्या. आम्हाला काय, घरी जाऊन भांडीच घासायची आहेत."

सगळ्या आलो आणि बघतो तर सानिया अजून पलीकडेच. कोमलच्या हातून ढकलून घ्यायचं नाही म्हणून ती बाजूला जाऊन उभी राहिली होती. एकटीने दोनदा निघाली, दोनदा माघारी फिरली. ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. तालुक्याच्या मैदानावर कुणाला न घाबरणारी पोर रडायच्या बेतात होती.

कोमल माझ्या शेजारून निघाली. गाड्यांमधून सळसळत परत पलीकडे गेली आणि सानियाच्या मागे जाऊन उभी राहिली. थोडा वेळ कोमल रस्ता बघत राहिली. मग तिने सानियाच्या पाठीवर हात मारला आणि आम्हाला इथे ऐकू येईल एवढ्या जोराने ओरडली, "खो!"

सानिया पळाली. इकडे आली, माझ्या अंगावर आदळली आणि मान वळवून दुकानातल्या टॉर्चकडे बघायला लागली.

मॅटवर

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी रांगेचं काम कॅप्टनकडून काढून घेतलं. कालचा पक्षपात त्यांनीही बघितला होता. उपाय अर्थातच ठरलेला. "एक तुमची, एक आमची!" बोरखडीची एक, नांदवड्याची एक, अशा आठजणी ओळीने बसवल्या. आता भांडायला जागाच नाही म्हणून सर खूश.

शिट्टी वाजली आणि काहीतरी विचित्र सुरू झालं. सानिया धावायची, खो द्यायची वेळ यायची, आणि ती द्यायचीच नाही. तशीच पळत खांबापर्यंत जायची, वळसा घालायची, पलीकडून येऊन आपल्या गावच्या मुलीला खो द्यायची. ती मुलगी उठली की तिचंही तेच. जी ती खांबाला फेरी मारून येत होती आणि तोवर समोरच्या पळत्या अगदी निवांत चालत होत्या. नांदवड्याच्या चौघी शेवटपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. कोमलचे पाय बसून बसून कापत होते.

माझ्या बाजूला अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घातलेले एक आजोबा बसले होते. रोज येणारे दिसत होते. त्यांनी माझ्याकडे वळून अतिशय सभ्यपणे विचारलं, "अहो बाई, या आपल्या मुली का?"

"हो."

"प्रदक्षिणाच घालायच्या होत्या, तर दगडूशेठला न्यायचं. तिथे निदान प्रसाद मिळतो."

"कालच जाऊन आलो," मी चिडून म्हणाले.

"मग आज विश्रांती घ्यायची होती."

मुली जवळच होत्या. सगळ्यांनी ऐकलं. सानियाचे कान लाल झाले. डाव संपला तेव्हा आम्ही चांगलेच मागे पडलो होतो.

सर डोकं धरून बसले. मला एक गोष्ट खटकली होती ती मी बोलून टाकली. "सर, नांदवड्याच्या सगळ्या माझ्याकडे तोंड करून बसल्या होत्या. आणि बोरखडीच्या सगळ्यांच्या मला नुसत्या पाठीच दिसत होत्या. असं का?"

सरांनी मान वर करून एकेका चौकोनाकडे बघितलं. मग त्यांनी कपाळावर हात मारला. शेजारणींची तोंडं उलट असतात. एक सोडून एक बसवल्यामुळे एका गावाची तोंडं सगळी इकडे झाली, दुसऱ्याची तिकडे. उठलेल्या मुलीला समोर पाठी दिसणार त्या फक्त दुसऱ्या गावच्या. आपलीला खो द्यायचा तर खांबाला वळसा घातल्याशिवाय गत्यंतर नाही.

"जन्म गेला खो-खोत," सर म्हणाले, "पण गावं मोजत रांग कधी लावली नव्हती. चला, उठा, बदलूया."

"नगं सर," सानिया म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती गुडघ्यावरचा मोजा वर ओढत होती.

"ऱ्हाऊ द्या असंच. सरळ पळायचं आन् समोर जी पाठ येईल तिला द्यायचा. वळसा कुणी घालायचा न्हाई." आणि मग, नांदवड्याच्या मुलींकडे न बघता, "तुम्हीबी."

पुढचा पाठलागाचा डाव सुरू झाला. सानिया खांबापासून निघाली. पळती तिला हुलकावण्या देत रांगेच्या मधोमध आली, आणि तिथे सानियाच्या समोर पाठ होती ती कोमलची. बाजूचे आजोबा पुढे सरकून बसले. सानियाने हात उचलला आणि कोमलच्या पाठीवर असा मारला की आवाज मांडवापर्यंत गेला.

"खो!"

कोमल उठली ती पळतीच्या पुढ्यातच. दोन दिवस बसवून ठेवलेली पोर! पहिली पळती कशी बाद झाली ते तिलाही कळलं नसेल. मग कोमलने समोरच्या बोरखडीच्या मुलीला खो दिला, तिने नांदवड्याच्या मुलीला, आणि बघता बघता रांगेत कुणाचा चौकोन कोणता तेच कळेना. जिचं तोंड इकडे होतं तिचं तिकडे झालं. धाव पुन्हा सानियाकडे आली, पुन्हा तिने कोमलला दिली, आणि कोमलने खांबावर असा सूर मारला की टोपीवाल्या बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. मी रडत होते. मला रडू यायला फारसं काही लागत नाही, पण हे रडू वेगळं होतं.

सामना जिंकला. आजोबांनी स्वेटर नीट केला आणि म्हणाले, "बऱ्या खेळल्या." पुण्यात 'बरं' म्हणजे केवढी मोठी पदवी, ते मला नंतर नसीमआपांनी समजावलं.

उपांत्य फेरीत आम्ही हरलो. समोरच्या मुली आमच्याहून चांगल्या होत्या, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण संध्याकाळी वसतिगृहासाठी नावं पुकारली त्यात कोमलचं होतं. ती माझ्या गळ्यात पडली, मग सरांच्या पाया पडली, आणि मग सानियासमोर जाऊन उभी राहिली.

"त्या दिवशी हात लागला व्हता," कोमल म्हणाली. "खरंच."

"न्हाई लागला," सानिया म्हणाली. "पण ते ऱ्हाऊ दे. तू मला रस्त्यावर खो दिलास, तो लागला."

निघताना नसीमआपांनी बरणीभर ठेचा बांधून दिला. गाडीत पिशव्या मध्ये नव्हत्या, आणि बरणी कात्रजच्या आधीच संपली.

परत आल्यावर

परीक्षा झाल्या आणि जूनमध्ये कोमलला पुण्याला पोहोचवायचं होतं. आईला रोपवाटिकेतून सुट्टी मिळाली ती फक्त स्टँडपर्यंत येण्यापुरती, म्हणून बरोबर मी निघाले. स्टँडवर दोन्ही गावच्या मुली आल्या होत्या. गाडी लागली, माझं सामान चढलं, आणि कोमल पायरीपाशी येऊन थांबली. एक पाय वर, एक खाली. मागे आई उभी होती, पदराचं टोक दातात धरून. कंडक्टरने दोनदा घंटी वाजवली. पोरीचा पाय हलेना.

सानिया गर्दीतून पुढे आली. कोमलच्या मागे उभी राहिली, तिच्या पाठीवर तळहात ठेवला, आणि या वेळी अगदी हळू म्हणाली, "खो."

कोमल चढली.

ती तिथे सुखात आहे. रविवारी नसीमआपांकडे जाऊन जेवून येते, त्यांनीच तसं बजावलं आहे. त्यांचे, त्या स्वेटरवाल्या आजोबांचे आणि फुलांची टोपली वेळेवर सरकवणाऱ्या त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. ते इथेच नोंदवते, कारण नसीमआपा सोडून बाकी कुणाचा पत्ता मला माहीत नाही.

गेल्या बाजारी कोमलची आई भेटली. मला वाटलं, एकटी पडली असेल, वाळली असेल. तर तब्येत चांगली होती. मी विचारलं, घर खायला उठत नाही का हो?

"कशाचं उठतंय, सिस्टर," ती म्हणाली. "ती बोरखडीची सानिया रोज सांजच्याला वढा वलांडून येती. कोमलच्या पाटावर बसती, आन् चहात साखर कमी म्हणून माझ्यासंगं भांडती."